‘वाचता येतं ना? मग शिकव’ हा गैरसमज

आपल्याकडे हे वाक्य साक्षरता मोहिमांइतकंच जुनं आहे: ज्याला लिहिता-वाचता येतं, तो प्रौढांना शिकवू शकतो, त्याला कसलं आलंय प्रशिक्षण! २०२२ पासून सुरू असलेला ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रमही मानधन न घेणाऱ्या स्वयंसेवकांवर चालतो, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला. पण १५ वर्षं आणि त्यावरील निरक्षरांसाठीच्या या कार्यक्रमात अक्षर-अंक ओळखीबरोबर जीवनकौशल्यं आणि व्यवसाय कौशल्यंही आहेत. ती काही ‘ग म भ न’ गिरवून येत नाहीत.

बँकेची पैसे काढायची स्लिपच घ्या. भाजी विकणारी बाई साडेतीन पाव वांग्यांचा हिशेब तोंडी, तुमच्याआधी करते. अडते कुठे? रक्कम ‘अक्षरी’ लिहायच्या रकान्यात. १२५० म्हणजे ‘एक हजार दोनशे पन्नास’ हे तिला ठाऊक असतं, कागदावर उतरवता येत नाही. प्रशिक्षण न घेतलेला शिक्षक तिला एक ते शंभर पाढ्यासारखे म्हणायला लावतो. चौथ्या दिवशी ती येत नाही, आणि दोष तिच्या ‘उत्साहा’वर जातो.

प्रशिक्षित शिक्षक खरी स्लिप, हजेरीपट, मजुरीचा हिशेब वर्गात आणतो आणि तिला येतं तिथून सुरुवात करतो. शिवाय चाळिशीच्या बाईला ‘अगं-तुगं’ करत नाही. हेसुद्धा सांगावं लागतं, खरंच.

स्वयंसेवक नकोत असं नाही. त्यांना चार तासांचं भाषण न देता, एकमेकांचे वर्ग बघायची सोय हवी.