रद्दीपासून पुठ्ठा

घरची रद्दी, दुकानांतली रिकामी खोकी आणि छापखान्यातली कातरणे यांचा लगदा करून पुन्हा वेष्टनाचा कागद व पुठ्ठा बनवण्याचा उद्योग. भारतात खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद मुख्यतः रद्दीतूनच निघतो. गुजरातमधील वापी हे त्याचे एक मोठे केंद्र.

गिरणीत रद्दीच्या गासड्या पल्परमध्ये पडतात. हे पाण्याने भरलेले प्रचंड पिंप, तळाशी गरगर फिरणारे पाते. कागदातले तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि पाण्यात ते बंध सुटतात. सारा उद्योग या एका गुणावर उभा आहे. पुढे चाळण्यांत पिना, प्लास्टिक, चिकटपट्टी अडकते. पातळ लगदा जाळीवर पसरतो, रुळांखाली दाबला जातो आणि वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवर वाळतो. शाई काढण्याची खटपट पांढऱ्या कागदासाठी. खोक्याला तिची फारशी गरज नसते.

दर फेरीत तंतू आखूड आणि ताठर होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरू शकत नाहीत. म्हणून गिरण्या लांब तंतूंची जुनी खोकी, बऱ्याचदा परदेशातून आणलेली, लगद्यात मिसळतात.

खोक्याची ताकद मात्र कागदाइतकीच रचनेत असते. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद स्टार्चच्या खळीने चिकटवला की ‘थ्री प्लाय’, असे दोन नागमोडी थर असले की ‘फाइव्ह प्लाय’. नागमोडीच्या नळ्या उभ्या ठेवल्या तरच खोके थप्पीचा भार सोसते. हापूसच्या खोक्याला हवेसाठी भोके पाडतात, तीही कोपरे सोडून, कारण भार मुख्यतः कोपऱ्यांवर येतो. दमट हवेत पुठ्ठा पाणी शोषतो आणि खोके बसते.

या साखळीतले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी मोबदल्याचे काम म्हणजे रद्दी निवडणे. पुठ्ठा, वर्तमानपत्र, पांढरा कागद वेगळा करणाऱ्या या कष्टकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. पुण्यात १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिच्याशी निगडित होते. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ओल्या कचऱ्यात भिजलेला पुठ्ठा कवडीमोलाने जातो, तेलकट पुठ्ठा गिरणी नाकारते. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो. साध्या पल्परमध्ये तो नीट सुटत नाही, त्यामुळे हे कप रद्दीत टाकू नयेत.