चार्ज न होणारा म्युझिक प्लेअर : दोष बॅटरीचाच असतो का?

बरेच दिवस कपाटात पडून राहिलेला म्युझिक प्लेअर बाहेर काढावा, चार्जरला लावावा आणि पडद्यावर काहीच उमटू नये, हा अनुभव जुनी उपकरणे जपून ठेवणाऱ्यांना कधी ना कधी येतोच. पाच-दहा मिनिटे वाट पाहिली जाते, सगळी बटणे दाबून होतात आणि ‘बॅटरी गेली’ असे म्हणून प्लेअर बाजूला टाकला जातो. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. बॅटरी खरोखर निकामी झालेली असू शकते. पण ती नुसतीच इतकी उतरलेलीही असू शकते की, तिच्या रक्षणासाठी बसवलेल्या सर्किटाने तिला प्लेअरपासून मुद्दाम तोडून ठेवले आहे. बाहेरून या दोन्ही अवस्था अगदी सारख्या दिसतात. त्यांतला फरक ओळखता आला, तर एक चालणारे उपकरण वाचते आणि खरोखर धोकादायक झालेल्या बॅटरीला पुन्हा जागे करण्याचा अविचारही टळतो.

गेल्या दोन-अडीच दशकांतल्या बहुतेक खिशात मावणाऱ्या प्लेअरमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ही बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली आणि तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा सेलमध्ये एका बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर असतो आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमयुक्त धातू-ऑक्साइडचा थर असतो. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. पूर्ण भरलेल्या नेहमीच्या सेलचे व्होल्टेज ४.२ असते, वापराच्या बहुतांश काळात ते ३.७ व्होल्टच्या आसपास रेंगाळते आणि ३ व्होल्टपर्यंत आले की सेल व्यवहारात रिकामा झालेला असतो. त्याखाली मात्र व्होल्टेज भराभर कोसळते.

हे कोसळणे तसेच चालू राहिले, तर सेलचे कायमचे नुकसान होते. ग्रॅफाइटमधले लिथियम संपल्यावर त्या बाजूचा विद्युत-विभव वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर ज्या तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट लावलेले असते, तो पत्राच आतल्या द्रवात विरघळू लागतो. पुढे कोणी तो सेल चार्ज केला की विरघळलेले तांबे धातूच्या रूपात भलत्याच ठिकाणी साचते, आणि त्याचे कण किंवा तंतू दोन थरांमधला पातळ पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट सर्किट करू शकतात. हे होऊ नये म्हणून सेलच्या माथ्यावर, बहुधा पिवळसर चिकटपट्टीखाली, एक चिंचोळे सर्किट बसवलेले असते. व्होल्टेज साधारण अडीचच्या आसपास आले की, ते स्विचचे काम करणारे ट्रान्झिस्टर बंद करून सेलला बाहेरच्या तारांपासून वेगळे करते. नेमका आकडा सर्किटागणिक बदलतो.

म्हणूनच दुरुस्ती करू पाहणाऱ्याने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्लेअर उघडून बॅटरीच्या लाल आणि काळ्या तारांवर मल्टिमीटर लावला आणि त्याने शून्य किंवा शून्याजवळचा आकडा दाखवला, तर त्याचा अर्थ सेल शून्यावर आला आहे असा होत नाही. तो आकडा संरक्षक सर्किटाच्या बाहेरचा असतो. सेलमधून निघालेल्या दोन धातूच्या पट्ट्या जिथे सर्किटाला जोडलेल्या असतात, त्या जागांवर पुष्कळदा ‘बी’ हे अक्षर आणि अधिक-उणे चिन्ह छापलेले असते. तिथे मोजले की खरा आकडा कळतो. बाहेर ०.० आणि आत २.३ व्होल्ट, अशी तफावत दिसली की समजावे, सर्किटाने आपले काम चोख केले आहे आणि सेलला अजून आशा आहे.

प्लेअर उघडण्याची वेळ मात्र नंतरची. आधी त्याला वेळ द्यावा. प्लेअरच्या आतली चार्जिंगची चिप खोलवर उतरलेल्या सेलला एकदम पूर्ण प्रवाह देत नाही; सेलचे व्होल्टेज ३ च्या आसपास येईपर्यंत ती नेहमीच्या सुमारे एक-दशांश प्रवाहाने त्याला सावकाश वर आणते. हा प्रवाह इतका थोडा असतो की, त्यावर पडदा किंवा प्रोसेसर चालू होऊच शकत नाही, आणि त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्याचा भास होतो. अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ पडदा काळाच राहतो आणि मग अचानक बॅटरीचे चिन्ह उमटते. काही चिपांमध्ये या सावकाश टप्प्याला मुदत घातलेली असते. तेवढ्यात व्होल्टेज वर आले नाही, तर चिप दोष मानून चार्जिंग थांबवते आणि केबल काढून पुन्हा लावल्यावर मुदत नव्याने सुरू होते. असे एक-दोनदा करून पाहायला हरकत नाही, पण तरीही व्होल्टेज हलत नसेल, तर चिपचा नकार योग्य कारणासाठी आहे असे धरून चालावे.

या वाट पाहण्याच्या काळात वीज कुठून येते, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. संगणकाच्या यूएसबी २.० जोडणीचा नियम असा की, जोडलेल्या उपकरणाने आपली ओळख देऊन मागणी करेपर्यंत त्याने १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढू नये. ओळख पटल्यावर ५०० पर्यंत मुभा मिळते. ज्याची बॅटरी पूर्ण उतरली आहे, तो प्लेअर ओळख देण्याइतकाही जागा नसतो. शिवाय संगणक झोपेच्या अवस्थेत गेला, तर ही जोडणी बंदही पडू शकते. पॉवर बँकेची अडचण वेगळी आहे. फार थोडा प्रवाह ओढला जात असेल, तर ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद होतात, आणि सावकाश चार्जिंगच्या टप्प्यात प्रवाह नेमका तितकाच थोडा असतो. त्यामुळे अशा वेळी भिंतीतला साधा ५ व्होल्टचा चार्जर सर्वांत भरवशाचा.

टाइप-सी जोडणी असलेल्या काही स्वस्त प्लेअरबाबत आणखी एक खोच आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर तेव्हाच वीज सोडतो, जेव्हा पलीकडच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे ठरावीक रोधक (रेझिस्टर) बसवलेले आढळतात. काही उत्पादक पैसे वाचवण्यासाठी हे रोधक गाळतात. असा प्लेअर महागड्या नव्या चार्जरवर मख्ख राहतो आणि एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली केबल लावताच व्यवस्थित चार्ज होतो. बॅटरी बदलायला निघण्यापूर्वी ही चाचणी जरूर करावी. तिला केबल बदलण्यापलीकडे काही लागत नाही. चार्जिंग पोर्टमध्ये खिशातली लव दाबून बसलेली असते, तीही लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढून घ्यावी.

दुसरी शक्यता सॉफ्टवेअरची. बॅटरी बाहेर काढता येत नसल्यामुळे, अडकून पडलेला प्लेअर बॅटरी भरलेली असूनही मेल्यासारखा दिसतो. चालू-बंद करण्याचे बटण दहा-वीस सेकंद दाबून धरणे, किंवा रिसेटचे बारीक छिद्र असेल तर त्यात पिन घालून दाबणे, यावर बहुतेक वेळा काम होते. प्लेअर हाताला किंचित कोमट लागत असेल, तर तो बंद नसून अडकलेला आहे असा संशय घ्यायला जागा आहे.

एवढे करूनही काही झाले नाही, तर प्लेअर उघडून मोजणे आले. झाकण उचकटण्यासाठी प्लास्टिकची पट्टी वापरावी, कारण सेलचे पाकीट मऊ असते आणि पोलादी टोक त्यात घुसले तर आग लागू शकते. संरक्षक सर्किटाच्या आतल्या बाजूचे व्होल्टेज ३ पेक्षा जास्त असेल आणि तरीही चार्जिंग होत नसेल, तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगच्या चिपमध्ये, पोर्टच्या निखळलेल्या डागात (सोल्डरच्या जोडात) किंवा तिसऱ्या तारेत असण्याचा संभव मोठा. काही बॅटऱ्यांना असलेली ही तिसरी, बारीक तार तापमान मोजणाऱ्या रोधकाची असते. ती तुटली की चिपला तापमान कळत नाही, आणि तापमान सुरक्षित मर्यादेत असल्याची खात्री नसताना ती चार्जिंग सुरूच करत नाही. व्होल्टेज २ ते ३ च्या दरम्यान असेल, तर सावकाश चार्जिंगने सेल बहुधा वर येतो, मात्र पहिल्या चार्जिंगच्या वेळी त्याच्याजवळ थांबून लक्ष ठेवावे. दीड व्होल्टच्या खाली जाऊन आठवडाभर किंवा अधिक काळ पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नये, असा सावधगिरीचा सल्ला दिला जातो आणि त्यामागे वर सांगितलेले तांब्याचे कारण आहे. कपाटातल्या प्लेअरचा सेल त्या पातळीवर कधी पोचला, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून माझे मत असे की, अशा सेलच्या बाबतीत सरळ वाईट गृहीत धरावे आणि तो बदलावा.

इंटरनेटवर दाखवले जाणारे झटका देण्याचे उपाय, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या तारा क्षणभर थेट सेलला लावणे, याच कारणासाठी टाळावेत. त्यामुळे सेल ‘जिवंत’ झाल्याचे दिसते खरे, पण त्यात बिघडलेले काहीच दुरुस्त होत नाही. फक्त चिपचा आणि संरक्षक सर्किटाचा पहारा चुकवला जातो. बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवल्याने लिथियम सेल सुधारत नाही, उलट बाहेर काढल्यावर सर्किटावर दव धरते.

वयाने थकलेली बॅटरी वेगळ्या तऱ्हेने वागते आणि तिची लक्षणे ओळखण्यासारखी आहेत. तिच्यात केवळ साठा कमी होत नाही, तर तिचा अंतर्गत रोधही वाढतो. टाकीत पाणी असूनही नळ गंजून आवळला गेला की धार लागत नाही, तसे हे आहे. समजा, न वापरता सेल ३.८ व्होल्ट दाखवतो आणि त्याचा अंतर्गत रोध दीड ओहमपर्यंत वाढला आहे. प्लेअरने ०.४ अँपिअर ओढले की दीड गुणिले ०.४, म्हणजे ०.६ व्होल्ट आतच खर्ची पडतात आणि प्लेअरला ३.२ व्होल्टच मिळतात. बॅटरी अर्धी भरलेली दाखवणारा प्लेअर तिथेच बंद पडतो. नव्या सेलमध्ये हा रोध साधारण एक-दोन दशांश ओहमच असल्याने ही घट जाणवत नाही. हार्ड डिस्क असलेल्या प्लेअरमध्ये हे विशेष स्पष्ट दिसते. २००१ चा पहिला आयपॉड ५ गिगाबाइटच्या डिस्कवरून गाणी ३२ मेगाबाइटच्या मेमरीत उचलून घेई आणि डिस्क थांबवून ठेवी. अशा रचनेत गाणे वाजत असताना भार थोडा असतो आणि डिस्क फिरू लागण्याच्या क्षणी एकदम वाढतो. थकलेल्या बॅटरीवर असा प्लेअर काही गाणी निर्वेध वाजवतो, डिस्कची बारीक घरघर सुरू होते आणि त्याच क्षणी पडदा मावळतो. ही खूण दिसली की अधिक तपास करायची गरज उरत नाही.

फुगलेल्या बॅटरीबाबत तर मुळीच चर्चा नको. आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू साचले की पाकीट फुगते, पडदा वर उचलला जातो, मागचे झाकण नीट बसेनासे होते. अशी बॅटरी चार्जरला लावू नये, दाबू नये, टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर करूच नये. न फुगलेल्या जुन्या सेलमध्येही दोष दडलेला असू शकतो : सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेल्या पहिल्या पिढीच्या आयपॉड नॅनोमधील काही बॅटऱ्या तापण्याचा धोका असल्यामुळे ॲपलने नोव्हेंबर २०११ मध्ये ते बदलून देण्याची योजना जाहीर केली होती.

त्याआधीच्या पिढीतील कॅसेट आणि मिनीडिस्क प्लेअरमध्ये च्युइंगगमच्या पट्टीच्या आकाराचे १.२ व्होल्टचे निकेलयुक्त सेल असत. अर्धवट वापरून पुन्हा चार्ज केल्याने क्षमता घटते, ही समजूत मुख्यतः निकेल-कॅडमियम सेलबाबतची आहे. लिथियम सेलला ती लावून तो दर वेळी पूर्ण उतरवणे हे त्याचे आयुष्य कमी करणेच होय. प्लेअर महिनोन्‌महिने वापरायचा नसेल, तर तो साधारण निम्मा भरून थंड जागी ठेवावा आणि अधूनमधून थोडा चार्ज करावा. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवणेही तितकेच वाईट.

बॅटरी बदलायचीच ठरली, तर जुन्या सेलवरचा आकडा पाहावा. पाकिटाच्या आकाराच्या सेलवर बहुधा सहा अंक असतात. ५०३०४० याचा अर्थ जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी ३० आणि लांबी ४० मिलिमीटर. नवा सेल किंचित लहान चालेल, जाड चालणार नाही, कारण वापरात सेल थोडासा फुगतो आणि त्यासाठी जागा लागते. झाकण दाबून बसवावे लागत असेल, तर तो सेल चुकीचा आहे. ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज करणाऱ्या प्लेअरमध्ये ४.२ व्होल्टचा सेल घालू नये. जोडणीच्या पिनेतील धन आणि ऋण बाजूंबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही, त्यामुळे तारांच्या रंगांवर विसंबून न राहता मल्टिमीटरने खात्री करावी. तारा डाग देऊन जोडलेल्या असतील, तर जुन्या तारा एका वेळी एकच कापावी आणि कापलेल्या टोकावर लगेच चिकटपट्टी लावावी. कात्रीने दोन्ही एकदम कापल्या की कात्रीचे पातेच शॉर्ट सर्किट घडवते. काढलेला सेल दोन्ही टोके झाकून ई-कचरा संकलनात द्यावा, घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत चिरडला गेलेला सेल तिथेही पेट घेऊ शकतो.