बनावेच्या खाचरांचं वय

फिलिपिन्सची २० पेसोंची केशरी नोट उलटी केली की मागे एक डोंगर दिसतो. डोंगर कसला, जिनाच तो! पायरीवर पायरी, प्रत्येक पायरीला भिंत, भिंतीआड पाणी आणि पाण्यात भात. शेजारी एक उदमांजर आहे. कोकणात रात्री कौलांवरून पळतं आणि फणसावर डल्ला मारतं, तीच जात. हा डोंगर बनावेचा.

नकाशात रत्नागिरीवर बोट ठेवा आणि सरळ पूर्वेला रेघ ओढत जा. बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, मग दक्षिण चीन समुद्र, आणि लुझोन बेट लागल्यावर थोडं आत शिरलं की बनावे. अक्षांश जवळजवळ तोच, १७ अंशांच्या आसपास. उंची मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जराच कमी. मनिलाहून अंतर साधारण ३५० किलोमीटर. लोक रात्रीच्या बसने निघतात आणि पहाटे गारठ्यात उतरतात. कागदोपत्री ही ‘म्युनिसिपालिटी’ आहे, पण त्या शब्दावरून शहर डोळ्यांसमोर आणू नका. आपल्या हिशेबाने हा छोटा तालुका झाला: एक बाजारपेठेचं गाव आणि डोंगरात विखुरलेल्या वाड्या, मिळून १८ बारांगाय (आपल्या ग्रामपंचायतींसारखे सर्वांत लहान कारभारी घटक), लोकसंख्या २० हजारांच्या घरात. प्रांताचं नाव इफुगाओ, लोकांचं नावही इफुगाओ.

या खाचरांबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, सगळे बांध टोकाला टोक लावून ठेवले तर पृथ्वीला अर्धा वेढा बसेल. हे कुणी मोजलंय देव जाणे, त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. दुसरी म्हणजे ही खाचरं २,००० वर्षांची आहेत. ती जास्त गंभीर आहे, कारण ती शाळेच्या पुस्तकांत आहे, पर्यटनाच्या फलकांवर आहे आणि युनेस्कोच्या वर्णनातही आहे. गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी नेमकी तीच उकरून काढली आणि हाती आलं ते भलतंच काही.

त्याआधी खाचर चालतं कसं, ते बघू. खाचराची सुरुवात भातापासून होत नाही, वरच्या रानापासून होते. डोंगराच्या माथ्याकडे प्रत्येक घराण्याचं राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. सरपण, घराचं लाकूड, वेत, औषधी झाडपाला, सुपारी सगळं तिथूनच. (सुपारी, विड्याचं पान आणि चुना हा ऐवज तिथेही तोंडात असतोच. त्याला मोमा म्हणतात.) पण मुयोंगचं खरं काम पाणी धरून ठेवणं. झाडांची मुळं आणि पालापाचोळा पाऊस मुरवतात, तेच पाणी झऱ्यांतून पाटात येतं, पाटातून वरच्या खाचरात आणि तिथून बांधावरून खालच्या खाचरात. वरच्याने रान तोडलं तर खालच्याचं भात वाळतं. त्यामुळे कुऱ्हाड कुठे चालवायची हा मालकाचा एकट्याचा प्रश्न राहत नाही. जमीन वाटून तिचे तुकडे करायचे नाहीत, हाही तिथला जुना रिवाज. घराण्याची मुख्य शेतं आणि मुयोंग थोरल्या अपत्याकडे जातात, मग तो मुलगा असो वा मुलगी.

भिंती दगडाच्या किंवा मातीच्या, बऱ्याच ठिकाणी दोन्हींच्या. तळाशी मोठे दगड, मागे खडी-मुरूम, त्यावर पाणी न झिरपणारी चिकणमाती आणि सर्वांत वर शेतीची काळी माती. चुना-सिमेंटचा पत्ता नाही. म्हणजे ज्याला आपण शेत म्हणतो ती खरं तर आतून बांधून काढलेली उथळ टाकी असते, डोंगराच्या कुशीत बसवलेली. ती टाकी कोरडी पडून चालत नाही. चिकणमाती वाळली की भेगाळते, आणि भेगांत पहिला जोराचा पाऊस शिरला की भिंत फुगून ढासळते. म्हणून कापणीनंतरही खाचरात पाणी ठेवतात. कुजलेलं तण आणि पेंढा यांचे ढीग त्या पाण्यातच रचायचे आणि त्यावर भाज्या लावायच्या, अशीही पद्धत आहे.

जुना भात वर्षातून एकदाच येतो. त्याचं नावच ‘तिनावोन’, म्हणजे वर्षाचा. आपल्या भाषेत अगदी गरवा भात. थंडीच्या सुरुवातीला आवण टाकायचं, जानेवारी-फेब्रुवारीत लावणी, आणि कापणी जून-जुलैमध्ये. आपल्याकडे लावणी सुरू होते तेव्हा तिथे कापणी! विळ्याने चूड कापत नाहीत. हाताच्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडतात, त्यांच्या पेंढ्या बांधून घराच्या माळ्यावर ठेवतात. घरं लाकडी खांबांवर उभी असतात. प्रत्येक खांबाला वरच्या बाजूला लाकडाची जाड चकती बसवलेली असते. उंदीर खांबावरून चढत येतो आणि चकतीखाली अडकतो, पुढे जायला धरायला काही मिळत नाही.

मनुष्यबळाचं गणित उब्बु आणि बद्दांग या दोन शब्दांत आहे. उब्बु म्हणजे आपली सावड: आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. बद्दांग म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेली मदत, भिंत कोसळल्यावर गाव धावून येतं ती. कापणीच्या वेळी बाया हुडहुड गातात. एक जाणती बाई पुढचा भाग म्हणते आणि बाकीच्या मागे धरतात. हुडहुडची २०० हून अधिक गाणी आहेत आणि एक गाणं पुरं व्हायला काही दिवससुद्धा लागू शकतात.

आता वय. २,००० हा आकडा आला कुठून? हेन्री ओट्ली बेयर नावाचा तरुण अमेरिकन १९०५ मध्ये फिलिपिन्सला आला आणि बनावेच्या शाळेत मास्तर झाला. इथल्याच इफुगाओ मुलीशी त्याने लग्न केलं, पुढे तो फिलिपिन्स विद्यापीठात मानववंशशास्त्राचा आद्य प्राध्यापक झाला, आणि १९६६ मध्ये वारल्यावर त्याला बनावेतच पुरलं. त्याने ही खाचरं २,००० ते ३,००० वर्षांची ठरवली. रॉय बार्टन हा दुसरा अमेरिकन अभ्यासकही त्याच मताचा. पण उत्खनन झालं नव्हतं, कालमापनाची साधनं नव्हती. त्यांचा तर्क सरळ होता: हाताने, लाकडी अवजारांनी एवढे डोंगर कोरायचे तर किती वर्षं लागतील? खूप. मग हजारो वर्षं. माणसं थोडी आणि त्यांचा वेग कायम सारखा, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. मला यात थोडी वसाहतवादी नजरही दिसते. डोंगरातले लोक म्हणजे काळ जिथे थांबला ते लोक, असं एकदा मनात धरलं की त्यांच्या भिंतीही अनादि वाटू लागतात.

१९६२ मध्ये फेलिक्स कीसिंग यांनी उलट बाजू मांडली. स्पॅनिश पाद्री आणि शिपायांचे जुने कागद चाळून ते म्हणाले, की हे लोक आधी खालच्या खोऱ्यांत राहत असावेत आणि स्पॅनिशांच्या रेट्याने वर सरकले असावेत. पण हाही तर्कच होता, त्याला मातीचा पुरावा नव्हता.

मातीचा पुरावा मिळवणं सोपंही नाही. भिंतीचं वय काढायचं म्हणजे काय काढायचं? दगड लाखो वर्षांचा असतो, तो भिंतीत कधी बसला हे त्याला विचारून उपयोग नाही. कार्बन-१४ची पद्धत लागू होते ती एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना: लाकूड, कोळसा, बिया. भिंतीमागच्या भरावात कोळशाचे कण सापडतात, पण ती माती दुसरीकडून आणून टाकलेली. तिथे पूर्वी कुणी रान जाळलं असेल तर कोळसा भिंतीपेक्षा कितीतरी जुना निघणार. उलट, भिंत दर काही वर्षांनी ढासळते आणि पुन्हा उभी राहते. मग हाती येते ती शेवटच्या डागडुजीची तारीख. एकच कोळसा घेऊन निकाल दिला तर दोन्ही बाजूंनी फसण्याची सोय आहे.

मूळचे फिलिपिन्सचे पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांनी बनावेतल्याच बोकोस गावच्या खाचरांवर काम करून २००९ मध्ये एक तोड सुचवली. माणूस आधी ओढ्याकाठची सोपी जमीन घेतो, मग तोंडं वाढली की वर चढतो. म्हणजे तळातली भिंत आधीची, वरची नंतरची, हा क्रम आपल्याला कोळसा हातात येण्यापूर्वीच ठाऊक आहे. अशी आधीची माहिती आणि प्रयोगशाळेतल्या अंदाजे तारखा एकत्र बसवण्याचं गणित म्हणजे बेझियन संख्याशास्त्र. आपणही रोज तेच करतो. आजी म्हणते, ‘मी पाच-सहा वर्षांची असेन,’ आणि मामा म्हणतो, ‘धरण व्हायच्या आधीची गोष्ट.’ दोन ढोबळ विधानं एकमेकांना कापून अंदाज आवळतात. बोकोसच्या तारखा अशा आवळल्यावर तळाच्या भिंती साधारण १६०० च्या आसपास आल्या, आणि वरच्या त्यानंतरच्या.

अकाबादोंच्या चमूने २०१२ पासून शेजारच्या कियांगानमध्ये इफुगाओंचं जुनं गाव खणायला घेतलं, तेव्हा गोष्ट आणखी रंगली. वस्ती सुमारे हजार वर्षांपूर्वीपासूनची निघाली. म्हणजे लोक जुने आहेतच, पण खालच्या थरांत पाणभाताचा मागमूस नाही. तिथे मिळतो अळू. आपण भाजी करतो तोच अळू, फक्त खायचा तो जमिनीतला कांदा, अळकुडी. भात दिसतो तो सतराव्या शतकाच्या मध्यापासून. आणि भाताबरोबरच बाहेरून आलेली चिनी मातीची भांडी आणि काचेचे मणीही वाढतात.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र उभं राहतं. स्पॅनिशांनी मनिला घेतली १५७१ मध्ये. पुढच्या दशकात ते लुझोनच्या उत्तरेला कागायान नदीच्या मुखाशी ठाण मांडून बसले आणि मग खोऱ्यांतून आत सरकू लागले. त्यांच्याबरोबर कर, वेठ आणि बाप्तिस्मा. खालच्या लोकांनी डोंगर धरला. वर माणसं वाढली, आणि अवघ्या दीड-दोनशे वर्षांत उतारच्या उतार भाताखाली आले. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला ते शतक यातच येतं. भातशेतीने दोन कामं एकदम केली. पोट भरलं, आणि पाणी, लावणी, कापणी यांसाठी सगळ्यांना एका वेळापत्रकात बांधून घातलं. गावातलं पहिलं रोप ठरलेल्या मानाच्या खाचरात लागायचं, मग बाकीच्यांनी हात लावायचा. असं बांधलेलं गाव लढाईलाही बांधलेलं असतं. स्पॅनिशांनी पुढे मोहिमा काढल्या, ठाणीही बसवली, पण इफुगाओवर घट्ट पकड त्यांना शेवटपर्यंत बसवता आली नाही.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही. १९७० च्या दशकात रॉबर्ट माहेर यांना याच भागात बऱ्याच जुन्या तारखा मिळाल्या होत्या. पण वस्तीची तारीख आणि भातखाचराची तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत. अळवासाठी केलेली छोटी ओली वाफेवजा शेतं भाताच्या आधीपासून असतील, त्यात विसंगत काही नाही. आणि ‘२,००० चे ४०० झाले, म्हणजे किंमत कमी झाली’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढा डोंगर दोनशे वर्षांत कोरून दाखवण्याचा हिशेब एकदा मांडून बघावा. मला तरी हा दुसरा आकडाच जास्त छाती दडपवणारा वाटतो.

नंतरचा इतिहास भरभर सांगता येतो. स्पॅनिश गेले, अमेरिकन आले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी सेनापती यामाशिता याच डोंगरांत दबा धरून होता, आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी त्याने कियांगानमध्ये शरणागती दिली. १९६६ मध्ये इफुगाओ हा स्वतंत्र प्रांत झाला. १९९५ मध्ये खाचरांचे पाच समूह जागतिक वारशात गेले. गंमत अशी की त्यात बनावे तालुक्यातली बाताद आणि बांगाआन ही गावं आहेत, पण नोटेवरचा तो प्रसिद्ध देखावा नाही. त्याच्या आजूबाजूला नवी बांधकामं फार झाली होती.

२००१ मध्ये हा वारसा धोक्याच्या यादीत गेला, २०१२ मध्ये बाहेर आला. धोका मात्र यादी बघून येत-जात नाही. तरुण शहरात जातात, आणि भिंत उचलायला हात कमी पडले की एक ओसाड खाचर खालच्या दहांचं पाणी बिघडवतं. मोठे गांडूळ बांध पोखरतात. १९८० च्या दशकात खाण्यासाठी आणि जोडधंद्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय फिलिपिन्समध्ये आणली. ती लोकांच्या जिभेला फारशी रुचली नाही, पण तिला भाताची कोवळी रोपं फारच रुचली. आता लावणीनंतर बाया वाकून पाण्यातून गोगलगायी वेचतात आणि रोपांवर चिकटलेले अंड्यांचे गुलाबी घोस चिरडतात.

ती केशरी नोटही आता हळूहळू दिसेनाशी होईल. फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेने २०१९ च्या शेवटी २० पेसोंचं नाणं काढलं, कारण ही नोट हातोहात फिरून फार लवकर फाटायची. नाण्याच्या मागे मनिलातला राष्ट्राध्यक्षांचा महाल आहे.