डोनर साइटचा रक्तस्राव आणि ‘लाखात एक’चा घोळ

१८६९ मध्ये त्वचेचे चिमुकले तुकडे जखमेवर लावले गेले, तेव्हा ते जिथून काढले तिथल्या, म्हणजे डोनर साइटच्या, रक्ताची कुणाला फारशी चिंता नव्हती. चिंता सुरू झाली ती १९३९ च्या ड्रम डरमॅटोम या त्वचा सोलण्याच्या यंत्रानंतर, कारण आता एकसारख्या जाडीचे मोठे पट्टे निघू लागले. १९७० नंतर भाजलेली मृत त्वचा पहिल्या काही दिवसांतच कापून तिथे ग्राफ्ट (दुसरीकडून काढलेली त्वचा) लावायची पद्धत रुळली. मग एकाच शस्त्रक्रियेत दोन्हीकडून रक्त जाऊ लागले, कापलेल्या जखमेतून आणि मांडीवरच्या डोनर साइटमधूनही.

डोनर साइटवर डायथर्मी, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्तवाहिन्या जाळून बंद करणे, सढळ हाताने वापरता येत नाही. उरलेल्या डर्मिसमधल्या (त्वचेच्या आतल्या थरातल्या) केसांच्या मुळांतून आणि घर्मग्रंथींतून नवी त्वचा उगवते, ती जाळली तर जागा भरायलाच उशीर होतो. म्हणून दाब, रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन, कॅल्शियम अल्जिनेटचे ड्रेसिंग, आणि सगळ्यात जास्त म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या ॲड्रेनलीनमध्ये भिजवलेला गॉझ.

ॲड्रेनलीन किती तीव्र असावे, यावर मात्र एकमत झाले नाही. उघड्या डर्मिसमधून ते काही प्रमाणात रक्तात शिरते. १९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेनच्या भुलेत त्याने हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे भूलतज्ज्ञांचा विरोध रास्तच होता. भुलेची नवी औषधे आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन आल्यावर ती धास्ती कमी झाली.

घोळ उरला तो लिहिण्याचा. ॲम्प्यूलवर ‘१:१०००’, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. हीच ॲम्प्यूल १ लिटर सलाइनमध्ये टाकली की ‘१० लाखांत १’, अर्ध्या लिटरमध्ये ‘५ लाखांत १’. आकडा वाढतो तसे द्रावण सौम्य होते, आणि घाईत नेमके हेच उलटे वाचले जाते. ‘१:१०,००,०००’ मधले एक शून्य निसटले की द्रावण दहापट तीव्र. गॉझसाठीचे तीव्र द्रावण आणि त्वचेखाली टोचायचे सौम्य द्रावण एकाच ट्रॉलीवर असते, तिथे ही चूक जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेत २०१६ पासून नुसत्या ॲड्रेनलीनच्या इंजेक्शनवरून गुणोत्तर काढून मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आले. स्थानिक भुलेच्या मिश्रणांवर गुणोत्तर राहिले. मला हा अर्धवट निर्णय वाटतो. ऑपरेशन थिएटरमध्ये तयार होणाऱ्या द्रावणाच्या पिशवीवरही मिलिग्रॅमच लिहायला हवेत.

ॲड्रेनलीनचे द्रावण डोनर साइटच्या त्वचेखाली टोचण्याची रीत जुनीच, पण १९८० च्या दशकात चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेतल्या ट्युमेसंट तंत्राने तिला बळ मिळाले. भरपूर द्रावण भरून थोडा वेळ थांबले की रक्त कमी येते आणि त्वचा ताठ होऊन पट्टाही सरळ निघतो. डोक्याच्या त्वचेत, जिथे रक्त धो-धो येते, हा फायदा विशेष जाणवतो. फक्त ॲड्रेनलीनचा असर ओसरल्यावर पुन्हा पाझर सुरू होऊ शकतो, म्हणून ड्रेसिंग दाबाचेच हवे.

आता ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा गॉझही ठेवला जातो. हे औषध १९६० च्या दशकापासूनचे, पण अपघातातल्या रुग्णांवरच्या २०१० च्या मोठ्या चाचणीनंतर त्याचा वापर फोफावला. ते रक्तवाहिन्या आकसवत नाही, झालेली गुठळी विरघळू देत नाही. त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये किंवा टक्क्यांत लिहितात.