फाईलमधली ‘ग्रेड १’ आणि फॉर्मवरचा ‘३’

केमो चालू असलं की घरचं कोणीतरी फाईल चाळतंच. मग ते खारघरचं टाटाचं कॅन्सर केंद्र ॲक्ट्रेक असो की ठाण्यातलं एखादं खासगी डे-केअर. तिथे ‘मळमळ, ग्रेड १’ असं दिसलं की रात्रभर उमासे काढलेला माणूस भडकतो. आपण तर आपला त्रास नोंदवायच्या फॉर्मवर ३ ला खूण केली होती! पण हे दोन आकडे एका पट्टीवरचे नाहीतच.

ग्रेड म्हणजे दुष्परिणाम किती गंभीर त्याची पायरी. ती डॉक्टर देतात, बहुतेक ठिकाणी सीटीसीएई नावाच्या यादीवरून. ही यादी अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची. तिची पाचवी आवृत्ती २०१७ ची. तिच्यात १ म्हणजे सौम्य आणि ५ म्हणजे मृत्यू. भूक मेली पण जेवण नेहमीसारखं चालू, तर मळमळ ग्रेड १. खाणं कमी झालं पण वजन फारसं उतरलं नाही, तर २. पोटात पुरेसं काही जातच नाही, भरती करावं लागतंय, तर ३. म्हणजे उमाशांनी झोप उडवली तरी सकाळी दोन पोळ्या गेल्या असतील तर ग्रेड १ च. नियमाने बरोबर आहे, रुग्णाला मात्र ते अपमानास्पद वाटतं.

फॉर्मवरचा आकडा रुग्णाचा. त्याच संस्थेने यासाठी प्रो-सीटीसीएई ही वेगळी प्रश्नावली केली. गेल्या ७ दिवसांत त्रास किती वेळा झाला, किती तीव्र होता, रोजच्या कामात किती आडवा आला, असं ती लक्षणाप्रमाणे विचारते. उत्तरं ० ते ४. ५ हा आकडाच नाही. मृत्यूची खूण रुग्ण स्वतः करणार तरी कशी! प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशीही यात नाहीत. त्या कमी झाल्याचं माणसाला आतून कळत नाही, त्यासाठी रक्तच तपासावं लागतं.

समजा, घणसोलीच्या एका काकूंना ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू आहे. फ्रिजमधली दुधाची पिशवी धरली की बोटांत झिणझिण्या येतात, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘‘कसं वाटतंय?’’ काकू म्हणतात, ‘‘बरंय.’’ उरलेलं मुलगाच सांगतो, आणि त्याला हुकांचं काय माहीत? सीटीसीएईत स्वयंपाक-बाजारहाट अडला तर बधिरपणा ग्रेड २, कपडे घालणंच जमेना तर ३. पुढचा डोस कमी करायचा की औषध थांबवायचं, हे त्यावर ठरू शकतं. म्हणून फॉर्म काकूंनीच भरावा. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहावं, पण आकडा त्यांचा.

हे नुसतं समाधानापुरतं नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कॅन्सर पसरलेल्या ७६६ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांनी आपले त्रास स्वतः नोंदवले आणि ते वाढल्यावर नर्सला सूचना गेली, त्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने निघालं. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांचं २६. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच केंद्रातला अभ्यास आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

नर्सला सूचना गेली, हा त्यातला कळीचा भाग. कोणी वाचतच नसेल तर फॉर्म म्हणजे निव्वळ रद्दी. तेव्हा तो देताना सिस्टरना विचारून घ्या, ‘‘हे कोण बघतं आणि कधी?’’ आणि केमोत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर फॉर्म, ग्रेड सगळं बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटलला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.