चार्जर १२० किलोवॉटचा, म्हणून गाडी दुप्पट वेगाने भरत नाही

‘६० ऐवजी १२० किलोवॉटचा चार्जर गाठा, निम्म्या वेळात मोकळे व्हाल’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो अर्धवट आहे. किती वीज घ्यायची, हे गाडी ठरवते. चार्जर फक्त देऊ शकतो. गाडीची मर्यादा ६० ची असेल तर १२० च्या चार्जरवरही ती साठच घेणार. तेही सतत नाही. फूड मॉलवर चहा घेताना स्क्रीनकडे बघा: बॅटरी ८० टक्के भरल्यावर किलोवॉटचा आकडा घसरत जातो, शेवटचे वीस टक्के जीव खातात.

खरी गंमत पुढेच आहे. एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाणारी गाडी तीस युनिट भरून २१० किलोमीटर जाते. पाचच जाणारी अवजड एसयूव्ही १५०. चार्जर तोच, वेळही तोच! म्हणून शोरूममध्ये १० ते ८० टक्क्यांना लागणारी मिनिटं आणि युनिटमागे किलोमीटर विचारा.

रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते याचा, मोठा आकडा प्रमाणित चाचणीतला असतो. टाटाच्या नेक्सॉन ईव्ही ४५ या इलेक्ट्रिक गाडीचा तो ४८९ किलोमीटर. रोजच्या वापरासाठी कंपनीच ३५० ते ३७० सांगते. घाटात, एसी लावून, त्याहूनही कमी.