कूलर बंद करा, मग माइक निवडा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गाणाऱ्या घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो: "काका, मुलीचं गाणं घरीच रेकॉर्ड करायचंय, कंडेन्सर माइक कुठला घेऊ?" पुढे लगेच ब्रँड आणि किमती. ज्या खोलीत गायचं, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. का, ते या माइकच्या पोटात डोकावलं की कळतं.

जाळीआड सोनेरी चकती दिसते ना, तो पडदा. प्लॅस्टिकची फिल्म आणि तिच्यावर सोन्याचा अतिपातळ थर. जाडी साधारण 3 ते 6 मायक्रॉन. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. पडद्यामागे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर धातूची स्थिर चकती असते. दोन्ही मिळून झालं कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी; त्याचंच जुनं नाव कंडेन्सर. त्यावरचा विद्युतभार कायम ठेवला, की आवाजाने पडदा हलतो, अंतर बदलतं आणि त्याबरोबर व्होल्टेज बदलतं. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी 1916 मध्ये असा माइक बनवला. तत्त्व आजही तेच आहे. माइकमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला वीज लागते, म्हणून इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर, 48 व्होल्टचं बटण असतं.

स्टेजवर सर्रास दिसणाऱ्या डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं असतं. ते ओझं इथे नाही. त्यामुळे सरोदच्या तारेवर करवंटीचा जवा आपटतो तेव्हाची धार, गळ्यातली बारीक मुरकी, तंबोऱ्याची जवारी, सगळं उतरतं. कूलरची घरघरही तितक्याच इमानाने उतरते.

आता आकडे पाहू. प्रत्येक माइकचा स्वतःचा म्हणून थोडा खरखराट असतो. रोड एनटी1 या माइकचा अवघा 4.5 डेसिबल, तर ऑडिओ-टेक्निका एटी2020 चा 20. कागदावर हा फरक प्रचंड. पण रात्री पंखा बंद केलेली घरातली शांत खोलीसुद्धा 30 डेसिबलच्या आसपास असते. पंखा लावला की 40 च्या पुढे. तिथे दोन्ही माइकांचा खरखराट खोलीच्या आवाजातच बुडून जातो. म्हणून जास्तीचे पैसे आधी खिडक्यांच्या जाड पडद्यांवर आणि चांगल्या स्टँडवर घाला. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा कूलर बंद ठेवून बडा ख्याल गाणं ही शिक्षाच आहे. रेकॉर्डिंग थंडीत करावं, त्याच वेळी रजयाही बाहेर निघालेल्या असतात! दगडी फरशी आणि उघड्या भिंतींवरून घुमणारा आवाज आवरायला गायकाच्या मागे दोन जाड रजया टांगा. खालच्या सुरांचं घुमणं मात्र रजईला थांबत नाही. 100 हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते.

गायकाच्या मागेच का? घरगुती कंडेन्सर बहुधा कार्डिऑइड असतो. तो समोरचं चांगलं ऐकतो, पाठीमागचं फार कमी आणि बाजूचं समोरच्यापेक्षा 6 डेसिबल कमी. म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करा. अंतर निम्मं केलं की गळ्याचा थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो, खोलीचं घुमणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. पण फार जवळही जाऊ नका. कार्डिऑइडमध्ये खर्ज फुगतो आणि मंद्रातला पंचम खोटा, भारदस्त वाटू लागतो. आमच्या घराण्याच्या खुल्या, मोकळ्या आकाराला मी दीड फूट अंतर ठेवतो.

हार्मोनियम वाजवत गायचं असेल, तर आठच्या आकाराचा पॅटर्न देणारा माइक घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. त्याला कडेकडून येणारं जवळजवळ ऐकूच येत नाही. तोंड गळ्याकडे आणि कड पेटीकडे येईल असा तो कलता लावला, की पेटी बरीच मागे हटते.

पडद्याच्या आकाराचा घोळही समजून घ्या. एक इंची पडद्याचा खरखराट कमी, म्हणून हळुवार गळ्याला तो चांगला. पण 14 हजार हर्ट्झची लाटही इंचभरच असते. त्याच्या आसपासचे वरचे सूर तिरके आले, तर मोठ्या पडद्यावर त्यांचा रंग बदलतो. हातवारे करत, मान हलवत गाणाऱ्याचा आवाज म्हणूनच कधी उजळ, कधी मंद येतो. अर्ध्या इंचाचा पडदा कडेचं अधिक प्रामाणिकपणे टिपतो. इथल्या जीवाजीगंजात सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घरात आज सरोद घर हे संग्रहालय आहे. अशा सरोदाच्या गावात वाद्यासाठी मी छोट्या पडद्याचाच माइक सुचवतो. तो तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर सरळ रोखू नका, आवाज कडक लागतो. पोलादी पट्टी जिथे चामड्याला भेटते तिकडे, दीड-दोन फुटांवरून वळवा.

पावसाळ्यात दमट हवेने भार गळतो आणि माइक कडकडू लागतो. काम झालं की तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि फुंकर मारून माइक कधीही तपासू नका. तोंडाची वाफ थेट त्या पडद्यावर बसते.